तुमच्या तोंडाला रंग लावू दिला नाही

अहो, ते मशीन घेऊन गेले. काल दुपारी व्हॅन आली, एका माणसाने तुमचं ऑक्सिजनचं मशीन ढकलत दारापर्यंत नेलं, ‘सॉरी फॉर युवर लॉस’ म्हणाला आणि गेला. लांब नळी न्यायची विसरला. ती अजून तशीच पडली आहे, हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून वळून बाथरूमच्या दारापर्यंत. सगळा हिवाळा मी त्या नळीवरून तुम्ही कुठे आहात ते ओळखत होते. सरकली की तुम्ही उठलात. ताणली गेली की तुम्ही पुढच्या खिडकीशी. भाजी चिरताना पायाशी ती हळूच सरपटत गेली की मी आधी दचकायची, मग मला बरं वाटायचं. आता ती हलत नाही. तरी मी ओलांडूनच चालते.

पण मला सांगायचं आहे ते दुसरं. तुम्ही माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. तोंडाला कुणाला रंग लावू देऊ नकोस, म्हणाला होतात. तीही सरळ मागितली नाहीत, सिनेमा मध्येच थांबवून मागितलीत. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, आणि सांगणारी मी एकटीच आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं वाचायला तुम्हीच शिकवलंत, पण लिहायची वेळ कधी आली नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून हात चालतोय.

ते सिनेमे तुम्हाला औरंगाबादला वसतिगृहात असताना लागले. इंग्लंडात काढलेले, जुने, भुताखेतांचे. आधी तुम्ही त्यांची पुस्तकं वाचलीत, कॉलेजच्या लायब्ररीतली, भिजून फुगलेली, पुढची पानं गेलेली. मग त्याच पुस्तकांवरचे सिनेमे सकाळच्या खेळाला लागले ते पाहिलेत. का आवडले, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘आमच्या गावात भूत नेहमी आमच्याच वस्तीत निघायचं. आमच्या चिंचेवर, आमच्या ओढ्यात. इथे बघतो तर भूत पाटलाच्या गढीत राहतंय. मला फार बरं वाटलं.’

इथे अमेरिकेत, नोव्हायला आल्यावर व्हीसीआर घेतलात तो त्यासाठीच. टीव्हीवर लागले की कॅसेटवर उतरवून घ्यायचे, आणि रविवारी जेवणं झाली की पडदे ओढायचे. बाहेर बर्फावर ऊन इतकं चमकायचं की पडद्याच्या कडेने एक पांढरी रेघ आत यायचीच. सुरुवातीला मी तोंडावर पदर घेऊन बसायची. भीतीने नाही, लाजेने. बायकांचे गाऊन जमिनीला टेकलेले, आणि गळा मात्र काही विचारू नका. तुम्ही म्हणायचात, ‘अगं, त्याला चावायला जागा नको का?’

हळूहळू मला ते सिनेमे पाठ झाले. रक्त असं लाल, की जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यावरचं सरबत. रात्र म्हणून दाखवायचे आणि झाडांच्या सावल्या दुपारच्या. एकाच किल्ल्याचे पडदे बदलून तोच किल्ला दुसऱ्या सिनेमात यायचा, हे मी तुमच्या आधी ओळखलं होतं. ‘मागच्या रविवारी तो ज्यावरून पडून मेला तोच हा जिना,’ मी म्हटलं, आणि तुम्ही कॅसेट मागे नेऊन बघितलंत. मग आठवडाभर येईल त्याला सांगत होतात, ‘हिचं लक्ष बघा.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आतून मात्र गोड वाटलं होतं. तेव्हा सांगितलं नाही.

माझं इंग्रजी त्याच सिनेमांतलं. तुम्ही एकेक वाक्य थांबवून शिकवायचात, आणि ही भाषा आता कुणी बोलत नाही एवढं सांगायचं राहून गेलं. एकदा तुमच्या ऑफिसातून फोन आला. घरात कुणी नव्हतं. मी उचलला, आणि सिनेमातला म्हातारा नोकर दारात सांगतो तसं सांगितलं, ‘द मास्टर इज नॉट ॲट होम.’ दुसऱ्या दिवसापासून अख्खं ऑफिस तुम्हाला मास्टर म्हणायला लागलं. आपला मिलिंद तेव्हा शाळेत होता. तो गडाबडा लोळला होता. ‘आई, नोबडी टॉक्स लाइक दॅट!’ मी पुढे कितीतरी दिवस फोनजवळून गेले नाही. तुम्ही हसला नाहीत. ‘व्याकरण बरोबर आहे,’ एवढंच म्हणालात.

क्रॉस दाखवला की तो रक्त पिणारा मागे हटतो, हे मला पटायचं नाही. आपल्या घरी आला तर काय दाखवायचं, मी विचारलं. आपण तर बौद्ध. तुम्ही जरासा विचार करून म्हणालात, ‘पंचशील देऊ. पहिलंच शील घेतलं की संपला. हिंसा करायची नाही. उपाशी मरेल बिचारा.’ गायकवाड भाऊजी त्या दिवशी जेवायला होते. त्यांना ठसका लागला होता. आपल्याकडच्या कार्यक्रमांत वंदना तेच घ्यायचे ना, त्यांना हसावं की रागवावं कळेना.

एका सिनेमावरून मात्र आपलं कायमचं भांडण होतं. एक डॉक्टर मेलेल्या माणसांचे अवयव जोडून माणूस तयार करतो, तो. सिनेमात तो माणूस नुसता गुरगुरतो. तुम्ही दर वेळी नव्याने चिडायचात.

‘पुस्तकात तो बोलतो गं. भिंतीआड लपून एका कुटुंबाचं बोलणं ऐकतो, ऐकून ऐकून भाषा शिकतो. पानंच्या पानं बोलतो. मला केलंत का आणि हाकलता का, असं विचारतो. आणि ह्यांनी सिनेमा काढताना त्याची जीभच कापली.’

‘बोलून काय झालं असतं? त्याचं तोंड बघूनच लोक पळतात. ऐकणार कोण?’

‘न का ऐकेनात. आपण बोलायचं.’

‘तुम्ही बोला. ज्याला सगळे हाकलतात तो गप्पच बसतो. सिनेमावाल्यांचं बरोबर आहे.’

‘तू त्याची वकील आहेस का सिनेमावाल्यांची?’

हे किती वर्षं चाललं! तुम्ही त्या शिवलेल्या माणसाबद्दल बोलत नसायचात हे मला कळायचं. मी चार लोकांत बोलत नाही, हे तुम्हाला सलायचं. पार्टीला गेलं की मी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडी विसळत उभी, आणि तुम्ही ताट घेऊन शोधत यायचात. ‘इथे आहेस होय?’ म्हणायचात आणि तिथेच सिंकला टेकून माझ्याबरोबर जेवायचात. बाहेर सगळे तुमची वाट बघत असायचे. कधी एका शब्दाने बोलला नाहीत मला. त्या सिनेमावरून तेवढे भांडायचात.

आता आजारपणाचं. प्रत्येक सिनेमात एक खानावळ असते. गाडीतून उतरलेला माणूस आत येतो, किल्ल्याकडे जायची वाट विचारतो, आणि सगळी खानावळ गप्प होते. पेला पुसणारा पुसायचा थांबतो. एखादी म्हातारी तोंड फिरवते. सगळ्यांना माहीत असतं, सांगत कुणी नाही. ह्या हिवाळ्यात आपलं घर तसं झालं होतं. थँक्सगिव्हिंगला मिलिंद नेपरव्हिलहून आला, मला गराजमध्ये घेऊन गेला आणि गाडीशी उभं राहून म्हणाला, ‘आई, डॉक्टर म्हणाले लंग्ज गेलेत. जास्त टाइम नाही. बाबांना सांगू नकोस, ही विल गिव्ह अप.’ मी मान हलवली आणि आत येऊन पोळ्या लाटल्या. आपल्यात तसंच करतात. आजारी माणसाला सांगत नाहीत. माझ्या वडिलांना आम्ही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर घरी येणाऱ्या नर्सने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘ही न्यू, हनी.’ तुम्हाला सगळं माहीत होतं, तुम्ही डॉक्टरांना कधीच सरळ विचारून घेतलं होतंत. आणि बायकोला सांगू नका, असं बजावलं होतंत. म्हणजे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, आणि आपण दोघं एका सोफ्यावर एक पांघरूण घेऊन किल्ल्यातल्या मेलेल्या माणसांचे सिनेमे बघत होतो. तुमचं मशीन मागच्या खोलीतून श्वास घ्यायचं. आत घ्यायचं, थांबायचं, सोडायचं. कधी कधी मला वाटायचं, सिनेमातलंच कुणीतरी तिथे बसलंय आणि सिनेमा संपायची वाट बघतंय.

त्यातल्याच एका रविवारी तुम्ही ते मागितलंत. त्याआधी आपल्या लग्नाच्या फोटोचं लिहायला हवं. तालुक्याच्या फोटोवाल्याने तुमच्या तोंडाला पावडर फासली होती. रंग उजळ येतो म्हणाला. काळ्या मानेवर पांढरं तोंड, भुवया कोळशाने काढल्यासारख्या. माझ्या आईने फोटो हातात घेतला आणि पटकन उलटा ठेवला. तुम्ही तो फोटो कधी लावू दिला नाहीत. ‘माझा पहिला भुताचा सिनेमा,’ म्हणायचात. हसत म्हणायचात, पण त्या दिवशी लग्नातल्या सगळ्या लोकांदेखत त्याने तुमची हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे फिरवलं होतं, ते मी पदराआडून बघितलं होतं. तुम्ही डोळे मिटून घेतले होते.

तर त्या रविवारी. पडद्यावर एक तरुण मुलगी शवपेटीत झोपलेली. ओठ लाल, गाल गुलाबी. तुम्ही कॅसेट थांबवलीत. चित्र थरथरत उभं राहिलं.

‘बघ, मेलेलीला किती नटवलंय.’

‘लग्नाला निघाल्यासारखी,’ मी म्हटलं.

‘इथे खरंच नटवतात. आमच्या सेक्शनमधला तो म्हातारा गेला तेव्हा मी बघायला गेलो होतो. जन्मात गाल गुलाबी नव्हते त्याचे. तो तरी गोरा होता.’

‘मग काळ्या माणसाला काय लावतात?’

‘जे असेल ते लावत असतील.’ मग टीव्हीकडेच बघत म्हणालात, ‘माझ्या तोंडाला कुणाला रंग लावू देऊ नकोस.’

‘काहीतरी बोलू नका.’

‘सिनेमाचं बोलतोय.’

‘सिनेमाचं?’

‘हो. मी सिनेमात मेलो तर.’

‘बरं,’ मी म्हटलं. ‘सिनेमात नाही लावू देणार.’

तुम्ही पांघरुणाखालून माझा हात धरलात. तुमची बोटं गार होती, नखं निळी. आपण एकमेकांकडे बघितलं नाही. त्या व्हीसीआरला फार वेळ थांबून राहता यायचं नाही, तो आपला आपण सुरू झाला, आणि पेटीतल्या मुलीने डोळे उघडले. आपण दोघंही दचकलो. मग तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली आणि मला मशीन वाढवायला धावावं लागलं. आपल्या दोघांत तुमच्या मरणाबद्दल जेवढं बोलणं झालं ते एवढंच.

आणि गेलात तेही कॅसेट थांबवून. फेब्रुवारीतली ती दुपार. मी चहा टाकला होता. तुम्ही हाक मारलीत, ‘अगं, हे बघ, इकडे ये.’ सिनेमाचा आवाज थांबला. मी म्हटलं, ‘आले, उकळी येतेय.’ नळी माझ्या पायाशी होती, सरकली नाही. मग सिनेमा पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, कंटाळून तुम्हीच लावलात. मी चहात आलं उकळू दिलं, दूध घातलं, दोन कप घेऊन आले. पडद्यावर घोडागाडी धावत होती आणि तुमचा हात रिमोटवर होता, मान खिडकीकडे. काय दाखवायचं होतं तुम्हाला? मी नंतर ती कॅसेट मागे नेऊन बघितली. नेमकं कुठे थांबवलं होतंत ते कळत नाही. कुठलंही चित्र बघितलं की वाटतं, हेच असेल. परत बघणार नाही असं ठरवते, आणि जेवून झालं की पडदे ओढते.

मिलिंद रात्रीतून गाडी चालवत आला. पोरगं दमलेलं, डोळे सुजलेले. सकाळी त्यानेच फ्युनरल होममध्ये सगळं ठरवलं आणि मला घेऊन गेला. आपली लेक सुजाता प्लेनोहून निघायची होती, पण इकडे बर्फामुळे विमानं कॅन्सल होत होती. तोवर तुम्हाला तिथेच ठेवायचं होतं.

अहो, ती जागा! जाड गालिचा, पाऊल वाजत नाही. पेट्या मांडून ठेवलेल्या, झाकणं उघडी, आत मऊ चमकणारं कापड आणि उशी. उशी कशाला, असं माझ्या मनात आलं. आणि तो माणूस. उंच, काळा सूट, हात पुढे एकावर एक. वाकून इतक्या हळू आवाजात बोलला की मला दार शोधावंसं वाटलं. तुमच्या सिनेमातून उठून आला होता तो. तुम्ही असतात तर माझ्या कानात काहीतरी बोलला असतात, आणि मला पदराआड हसावं लागलं असतं. मी एकटीच होते. मला हसू येईना.

मिलिंद समजावून सांगायला लागला. ‘आई, दे विल टेक केअर ऑफ एव्हरीथिंग. सुजाताला यायला वेळ लागणार, मग लोक व्ह्यूइंगला, शेवटचं बघायला येणार, बाबांच्या ऑफिसचे येणार. हे लोक त्यांना नीट करतात. बॉडी टिकायला औषध घालतात, फेसला थोडं लावतात. नॅचरल दिसतील.’

‘तोंडाला काही लावायचं नाही,’ मी म्हटलं.

‘आई, तू बघितलंस ना शेवटी कसे झाले होते? काळेनिळे. लोक घाबरतील. मला बाबा तसे लक्षात ठेवायचे नाहीत.’

त्याचंही खोटं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, ‘त्याला सांग. रंग नाही, पावडर नाही, औषध नाही.’

तो त्या माणसाकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, की आईची इच्छा आहे, जस्ट अ लिटल, अगदी थोडंसं. त्याला वाटलं मला कळणार नाही. अहो, इतकी वर्षं कॅसेट थांबवून थांबवून तुम्ही शिकवलेलं, आणि मला ‘लिटल’ कळणार नाही? तो माणूस मान डोलवत होता. आता तो हळूच आत जाईल, दार लागेल, कुणीतरी तुमची हनुवटी धरून तोंड इकडेतिकडे फिरवेल, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. आणि मी बोलले.

‘नॉट लिटल,’ मी म्हटलं. ‘नथिंग.’

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मिलिंद ‘आई’ म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, नाहीतर थांबले असते. ‘माय हजबंड टोल्ड मी. नो पावडर. नो कलर. आय विल वॉश हिम.’

तो माणूस माझ्यासमोर जरा वाकला. रंग बदलत जाईल म्हणाला, गार ठेवलं तरी. बघायला जड जाईल. ‘आर यू शुअर, मॅडम?’

‘आय हॅव सीन,’ मी म्हटलं. वडिलांना शेवटची अंघोळ घातली ती मी बघितली होती, सासूबाईंना स्वतः घातली होती. एवढं सगळं इंग्रजीत येईना. ‘आय हॅव सीन मेनी.’

‘येस, मॅडम,’ तो म्हणाला. त्याने मिलिंदला पुन्हा विचारलं नाही.

म्हणून त्या शिवलेल्या माणसाच्या भांडणात तुमचं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. तिथे एक माणूस ऐकायला उभा होता म्हणून मी बोलले. माझं म्हणणं अजून तेच आहे. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर आता माझी वाट बघा.

तुम्हाला अंघोळ घालायला गायकवाड भाऊजी आले. मिलिंद दाराशी उभा राहिला, मग बाह्या वर करून आत आला. त्या उंच माणसाने कोमट पाण्याची दोन भांडी आणि पांढरे टॉवेल आणून ठेवले आणि भिंतीशी उभा राहिला. मी तुमचं तोंड धुतलं. कानामागे, मानेच्या वळीत. नळीने गालावर पडलेला चर तसाच होता, चोळला तरी जाईना. केसांना थोडं तेल लावलं, तेवढं मी लावलं, तो रंग नाही. पांढरा सदरा घातला. मिलिंद तुमची बोटं एकेक पुसत होता आणि म्हणाला, ‘बाबांची बोटं माझ्यासारखीच आहेत.’ आजवर त्याने बघितलीच नव्हती.

सुजाता विमानं बदलून बदलून पोचली तोवर तुमचा चेहरा बदलला होता. खोटं कशाला लिहू, मी घाबरले. नाक टोकदार झालं होतं, ओठ काळे, कपाळ राखेच्या रंगाचं, एक पापणी जराशी उघडी. त्या फटीतून कुणी बघतंय असं वाटायचं, आणि कुणी बघत नाहीये हे त्याहून भयंकर होतं. ऑफिसातले लोक आले, फुलं घेऊन, आणि खोलीच्या अर्ध्यातच थांबले. गायकवाड वहिनींनी हुंदका दिला आणि मागे सरल्या. मला वाटलं, मी चूक केली. मला वाटलं, सिनेमातली गोष्ट सिनेमातच ठेवायला हवी होती.

सुजाता आत आली आणि दारातच ओरडली, ‘आई, व्हॉट इज धिस? ह्यांनी काहीच केलं नाही? हाऊ कुड दे?’

‘मी नको म्हटलं.’

‘पण का? पाहवत नाही गं मला!’

तिची मुलगी करुणा तिच्या कोटाला धरून उभी होती. सात वर्षांची. तिने आजोबांकडे नीट बघितलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, ‘मॉम, ही लुक्स डेड.’

‘श्श!’ चारपाच जणांनी एकदम केलं.

‘येस, बाळा,’ मी म्हटलं. ‘आजोबा इज डेड.’

सिनेमातल्या त्या खानावळीत कुणी तसं बोललं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. इथे काही झालं नाही. छत पडलं नाही. थँक्सगिव्हिंगपासून तो शब्द कुणाच्या तोंडून निघाला नव्हता, माझ्याही नाही. करुणाने विचारलं, हात लावू का? मी तिला जवळ घेतलं. तिने एक बोट तुमच्या कपाळावर ठेवलं. ‘ही इज कोल्ड,’ म्हणाली, आणि बोट काढलं नाही. मग सुजाता आली. तिने तुमचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मोठ्याने रडली, गावाकडे रडतात तसं, ऑफिसच्या लोकांदेखत. मिलिंदने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडता रडता म्हणत होती, ‘बाबाच आहेत. बाबाच आहेत.’

दहनाच्या ठिकाणी आपण घरचेच होतो, आणि भाऊजी. छोटी खोली, खिडकी नाही. भिंतीत एक लोखंडी दार, त्याच्यामागे काहीतरी सारखं घुमत होतं. भाऊजींनी त्रिसरण, पंचशील घेतलं. ते संपलं तरी घुमणं चालूच. तुम्ही साध्या पेटीत होतात, झाकण बाजूला उभं केलेलं. त्या उंच माणसाने मिलिंदकडे बघितलं, आता बंद करू का अशा नजरेने. मिलिंदने खाली बघितलं. सुजाताने करुणाचं तोंड आपल्या कोटात लपवलं. भाऊजी चष्मा पुसत राहिले. कुणी बोलेना, आणि कुणी बोललं नसतं तर आपण सगळे अजून तिथेच उभे असतो.

मी पुढे झाले. तुमच्याकडे बघितलं, जेवढं बघायचं होतं तेवढं बघितलं. तुमचाच रंग होता.

‘लावा झाकण,’ मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं, मराठीतच म्हटलं. त्या माणसाला कळलं. त्याने लावलं.